गाळ्याचं नेटवर्क: आधी कागद, मग केबल

वागळे इस्टेटमधल्या किंवा महापे-रबाळेच्या एखाद्या कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलाला महिन्याभरात हे वाक्य ऐकायला मिळतंच : "तू कंप्युटरवाला ना? मग नेटवर्कचंही बघ जरा." तोवर केबलवाल्याने बसवलेला एक राउटर, त्यातून निघालेला एक स्विच (म्हणजे केबली एकमेकींना जोडायचा डबा), त्यातून दुसरा, आणि सगळ्यांना मिळून एकच वायफाय पासवर्ड असा संसार उभा राहिलेला असतो. तो चालतो. पण एक दिवस कोणी चुकीची फाइल उघडतं आणि अकाउंट्सपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं एकदम बसतं. हा लेख त्या मुलासाठी आणि त्या मुलीसाठी आहे.

उदाहरण म्हणून एक गाळा डोळ्यांपुढे ठेवू. तळाला दोन सीएनसी, म्हणजे कंप्युटरच्या हुकमाने चालणारी मशिन. त्यातल्या एकाचा कंप्युटर अजून विंडोज ७वर आहे, कारण मशिनचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. पोटमाळ्यावर अकाउंट्सची दोन टेबलं, डिझाइनची चार, मालकांची केबिन. टॅली आणि ड्रॉइंगच्या फाइली ठेवलेला एक सर्व्हर, एक प्रिंटर, दारात बोटाच्या ठशाचं हजेरी मशिन, आठ कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असे गाळे शेकड्याने सापडतील.

पायरी १ : कोणाला कोणाशी बोलायचं आहे?

खरेदीला जायच्या आधी एक मोठा कागद घ्या. डावीकडे वरून खाली सगळ्या वस्तूंची नावं लिहा, तीच नावं वरच्या ओळीत आडवी लिहा. आता प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न : डावीकडच्याला वरच्याशी बोलायची गरज आहे का? असेल तर कशासाठी, एवढं दोन शब्दांत लिहा. नसेल तर फुली मारा.

हे करताना माणसांशी बोला. अकाउंट्सच्या ताईंना विचारा, मशिनवरच्या कारागिरांना विचारा. काम खरं कसं चालतं ते त्यांनाच ठाऊक असतं. डिझाइनवाले ड्रॉइंग सर्व्हरवर ठेवतात आणि सीएनसी ते तिथून उचलतं, म्हणजे सीएनसीला फक्त सर्व्हर हवा. इंटरनेट नको, प्रिंटर नको, टॅली तर नकोच. कॅमेऱ्यांना रेकॉर्डर सोडून कोणाशीच घेणं-देणं नाही. हजेरी मशिनचा हिशेब महिनाअखेरीस अकाउंट्सला लागतो. पाहुण्यांच्या मोबाइलला इंटरनेटपुरतं इंटरनेट. कागद भरला की दिसतं, बहुतेक चौकोनांत फुल्याच आहेत. एकाच स्विचवर सगळं लोंबकळत असताना मात्र या प्रत्येक फुलीच्या जागी दार उघडं असतं.

माझ्या मते नेटवर्कची आखणी आणि त्याची सुरक्षा ही दोन वेगळी कामं नाहीत, हा एक कागद दोन्ही आहे. पुढचं सगळं म्हणजे केबल, स्विच, फायरवॉल (नियमाप्रमाणे ये-जा अडवणारा पहारेकरी), वायफाय हे त्या फुल्या खऱ्या करायचं काम.

इथे मालक हमखास विचारतात, "आमच्या गाळ्यात येऊन चोराला काय मिळणार?" त्यांना जवळचीच गोष्ट सांगा. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. मर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क त्यात सापडलं, आणि तिच्याच समूहाकडून चालवलं जाणारं न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं टर्मिनल ठप्प झालं. उरणच्या बंदराशी त्या हल्लेखोरांचं काही वैर नव्हतं. तार जोडलेली होती, एवढंच. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कंप्युटर नव्याने उभे करावे लागले.

या गोष्टीतला शिकण्यासारखा भाग पुढे आहे. नॉटपेट्या विंडोजच्या ज्या भोकातून शिरत होता त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्येच दिलेलं होतं. पण एका जुन्या मशिनमध्ये घुसल्यावर तो तिथल्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डने अपडेट केलेल्या मशिनांतही शिरायचा. म्हणजे ज्यांनी आपलं मशिन नीट ठेवलं होतं तेही शेजाऱ्यामुळे गेले. तुमच्या गाळ्यातला तो विंडोज ७चा कंप्युटर असाच शेजारी आहे. त्याला १४ जानेवारी २०२०पासून मोफत सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. तो काढून टाकता येत नसेल, तर त्याच्याभोवती भिंत हवी.

पायरी २ : पत्ते वाटणं

कागदावरच्या वस्तूंचे गट पाडा. ज्यांची वागणूक सारखी ते एका गटात : कार्यालयाचे कंप्युटर आणि प्रिंटर, सर्व्हर, कॅमेरे-हजेरी, सीएनसी, पाहुणे. आणि सहावा गट स्विच-राउटरच्या स्वतःच्या सेटिंगसाठी, ज्यात फक्त तुमचा कंप्युटर जाईल.

प्रत्येक गटाला पत्त्यांची वेगळी मालिका द्या. खासगी नेटवर्कसाठी तीन मालिका राखून ठेवलेल्या आहेत : १०ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. घरोघरचे राउटर १९२.१६८.०. किंवा १९२.१६८.१. वापरतात, म्हणून ऑफिसात त्या दोन टाळा. उद्या मालक घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडायला बसले आणि दोन्हीकडचे पत्ते सारखे निघाले, तर त्यांचा कंप्युटर सर्व्हर घरातच शोधत बसेल. मी १०.२७. असं काहीतरी अधलंमधलं निवडतो आणि तिसरा आकडा गटाचा ठेवतो : १०.२७.१०. कार्यालय, १०.२७.२०. सर्व्हर, ३० कॅमेरे, ४० सीएनसी, ५० पाहुणे, ९९ सेटिंग. पत्ता वाचला की वस्तू कुठल्या गटातली ते कळतं.

प्रत्येक गटाला '/२४' दिलं, म्हणजे पहिले तीन आकडे ठरलेले आणि फक्त शेवटचा मोकळा ठेवला, की २५४ वापरण्याजोगे पत्ते मिळतात. गाळ्याला हे खूप झाले, पण पत्ते फुकट आहेत, तेव्हा काटकसर नको. शेवटचा आकडा १ राउटरला, २ ते ४९ कायम पत्ते लागणाऱ्या वस्तूंना, १०० ते १९९ डीएचसीपीने आपोआप वाटायला. हे एका वहीत लिहा. ती वही पुढे सोन्याची होते.

पायरी ३ : केबल

इथे जरा थांबू या, कारण केबल एकदा भिंतीत गेली की दहा-पंधरा वर्षं तिथेच राहते. स्विच बदलणं तासाचं काम, केबल बदलायची तर पीओपी फोडावं लागतं.

कॅट-६ घ्या, आणि आतली तार निव्वळ तांब्याची आहे याची खात्री करा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बरीच स्वस्त मिळते. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी चकाकी दिसते. ती लवकर तुटते, आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर जास्त तापते. आपल्या दमट हवेत तिचे सांधे किती टिकतात हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

एका ओढीची मर्यादा १०० मीटर : भिंतीतली ९०, उरलेली १० दोन्ही टोकांच्या छोट्या केबलींसाठी. गाळ्यात ती क्वचितच ओलांडली जाते, पण शेजारच्या शेडमध्ये केबल न्यायची झाली तर अंतर मोजाच. आणि दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकूच नका, फायबर टाका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं. जूनच्या पहिल्या गडगडाटात जवळपास वीज कोसळली तर तो झटका तांब्यातून थेट स्विचमध्ये येतो. फायबर काचेचा, त्यातून वीज वाहत नाही.

विजेच्या वायरीच्या पाइपातून डेटा केबल ओढू नका. इलेक्ट्रिशियन म्हणेल, "एकाच पाइपात टाकतो ना साहेब, काय होतंय?" नम्रपणे नाही म्हणा. दोन्ही समांतर जाणार असतील तर मध्ये अंतर ठेवा, ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडू द्या. सीएनसीच्या मोटारीच्या वायरीपासून तर शक्य तेवढ्या लांब.

प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट. आज एक लागतो, दिवाळीपर्यंत दुसरा लागतोच. दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा आणि वहीत मांडा. टोकं पंच करताना सगळीकडे एकच रंगक्रम. आपल्याकडे सहसा 'बी' चालतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी असं झालं तरी आजचे बरेच स्विच सांभाळून घेतात, पण शोधाशोधीच्या वेळी डोक्याला ताप होतो.

रॅक तळमजल्यावर जमिनीलगत ठेवायचा नाही. २६ जुलै २००५चा पूर अनुभवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, नव्यांना सांगतो. पोटमाळ्यावर भिंतीला टांगा, पत्र्याच्या गळतीपासून दूर, आणि केबल आत शिरते त्या भोकांना जाळी किंवा पुट्टी लावा. उंदीर केबल खातात ही अतिशयोक्ती नाही.

पायरी ४ : स्विच आणि गटांच्या भिंती

'मॅनेज्ड' स्विच घ्या. साधा स्विच सगळ्या भोकांना एकाच खोलीत बसवतो. मॅनेज्ड स्विचमध्ये व्हीलॅन करता येतात, म्हणजे एकाच डब्यात वेगवेगळ्या खोल्या. भोक १ ते ८ गट १०मध्ये, ९ ते १६ गट ३०मध्ये, असं. राउटरकडे जाणाऱ्या एका केबलवरून सगळे गट जातात, आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटावर त्याच्या गटाचा क्रमांक चिकटवलेला असतो. त्या भोकाला 'ट्रंक' म्हणतात. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कंप्युटरचं भोक ट्रंक ठेवणं किंवा ट्रंकवर एखादा गट टाकायला विसरणं. 'कॅमेरे दिसत नाहीत' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो.

केबलमधूनच वीज देणारा स्विच कॅमेऱ्यांसाठी सोयीचा. पण प्रत्येक भोकाला १५.४ वॉट देता येतात एवढंच वाचून थांबू नका, एकूण किती ते बघा. आठ कॅमेरे दिवसा प्रत्येकी ५ वॉट घेत असतील तर ४०. रात्री त्यांचे लाल दिवे लागले आणि प्रत्येकी ९ झाले की ७२. स्विचची एकूण क्षमता ६० असेल तर संध्याकाळ झाली की दोन कॅमेरे गायब होतात, आणि सकाळी तुम्ही तपासायला जाता तेव्हा सगळं ठीक असतं. रेकॉर्डरची डिस्क घेतानाही हिशेब करा : प्रत्येकी ४ मेगाबिटचे आठ कॅमेरे म्हणजे सेकंदाला ४ मेगाबाइट, दिवसाला सुमारे ३४५ गिगाबाइट, महिन्याला १० टेराबाइटच्या वर.

स्विचमध्ये 'स्पॅनिंग ट्री' चालू आहे ना ते तपासा. नौपाड्यातल्या एका क्लासचं नेटवर्क एका संध्याकाळी पूर्ण बसलं होतं. तीन तास आम्ही इंटरनेट कंपनीच्या मागे होतो. कारण निघालं ते असं : टेबलाखाली लोंबकळणारं केबलचं टोक सफाईच्या मावशींनी नीटनेटकं दिसावं म्हणून स्विचच्या मोकळ्या भोकात खोचलं, आणि त्या केबलचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. सगळ्यांना उद्देशून सुटलेलं पाकीट एकीकडून बाहेर पडून दुसरीकडून आत येत राहिलं, दर फेरीला वाढत राहिलं. या पाकिटांना वयोमर्यादा नसते, ती आपोआप मरत नाहीत. चूक मावशींची नव्हती, ते टोक मोकळं सोडलं ती आमची होती. रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये यावर तोड काढली. स्विच एकमेकांना विचारून असा फेरा ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. स्वस्त साध्या स्विचमध्ये ही सोय नसते.

पायरी ५ : फायरवॉलचे नियम

पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा. गटागटांमधली जी ये-जा लागणार आहे तिचे नियम राउटरमध्ये किंवा वेगळ्या फायरवॉलमध्ये लिहायचे. नियम वरून खाली वाचले जातात, जो पहिला जुळेल तो लागू. म्हणून नेमके नियम वर आणि सर्वांत खाली एकच ओळ : बाकी सगळं बंद.

आपल्या गाळ्यासाठी असे :

कार्यालयातून सर्व्हरकडे, फाइलींसाठी पोर्ट (म्हणजे त्या कामाचं ठरलेलं दार) ४४५ आणि टॅलीला लागणारं पोर्ट : चालू.
सीएनसीकडून सर्व्हरकडे, फक्त ४४५ : चालू.
अकाउंट्सच्या दोन कंप्युटरांकडून हजेरी मशिनकडे : चालू.
मालकांच्या कंप्युटरकडून रेकॉर्डरकडे : चालू.
कार्यालयातून इंटरनेटकडे : चालू.
पाहुण्यांकडून इंटरनेटकडे : चालू, पण १०ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पत्त्याकडे बंद, आणि हा 'बंद' त्या 'चालू'च्या वरच्या ओळीत लिहायचा.
बाकी सगळं : बंद, आणि नोंद ठेवा.

उत्तरासाठी उलटा नियम लिहावा लागत नाही. आतून कोणी विचारणा केली की तिचं उत्तर आत येऊ द्यायचं हे फायरवॉल लक्षात ठेवते. नवखे उलटे नियम लिहितात आणि नकळत दार उघडं करतात.

सीएनसी आणि सर्व्हर यांच्यातल्या त्या एका वाटेवरही थोडं काम करा. फाइल शेअरिंगच्या भाषेची पहिली जुनी आवृत्ती, एसएमबी-१, सर्व्हरवर बंद ठेवा. विंडोज ७ला दुसरी आवृत्ती बोलता येते. सीएनसीसाठी सर्व्हरवर वेगळं फोल्डर, वेगळा वापरकर्ता, आणि त्याला फक्त वाचायची परवानगी. म्हणजे सीएनसी बिघडलं तरी सर्व्हरवरच्या फाइली त्याला बदलता येत नाहीत.

मशिन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर फोन करेल, "रिमोट द्या, मी बघतो." द्या, पण काम चालू असेपर्यंतच. त्या तासाभरापुरता नियम चालू करा, संपलं की बंद, आणि वहीत वेळ लिहा.

पायरी ६ : वायफाय

वायफायचे दोनच नावं ठेवा : एक कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपसाठी, दुसरं पाहुण्यांसाठी. दोन्ही आपापल्या व्हीलॅनमध्ये. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे मोबाइलही पाहुण्यांत. वाईट वाटेल कोणाला, समजावून सांगा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३ निवडा, जुनी उपकरणं जोडत नसतील तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फोन उघडला की तीस-चाळीस नावं दिसतात, तिथे ५ गिगाहर्ट्झच वापरा. गाळ्यात अडचण वेगळी असते, लोखंडी पत्रे आणि मशिन सिग्नल अडवतात. एक ताकदवान राउटर कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा दोन साधे ॲक्सेस पॉइंट छताला लावलेले बरे.

पायरी ७ : बाहेरचं दार

मालकांना कॅमेरे मोबाइलवर हवे असतात, आणि बसवणारा राउटरमध्ये रेकॉर्डरसाठी एक पोर्ट सगळ्या जगाला उघडून जातो. २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने इंटरनेटवर असेच उघडे कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधले, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या त्यांवर चालवून पाहिल्या आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये वेबसाइटींचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइटी काही तास बंद पडल्या. तेव्हा : कारखान्याचे पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, एकही पोर्ट बाहेर उघडू नका. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप तर कधीच नाही. बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंतच्या कुलूपबंद वाटेने, आधी आत या, मग काय ते बघा. बऱ्याच साध्या ब्रॉडबँड लाइनींना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. अशा वेळी व्हीपीएनसाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, मागून घ्या.

सगळ्या उपकरणांची घड्याळं एकाच ठिकाणाहून जुळवा. चोरी झाल्यावर रेकॉर्डरची वेळ वीस मिनिटं मागे निघाली तर पोलिसांना उत्तर देणं अवघड जातं. सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणं, नोंदी १८० दिवस जपणं आणि सायबर घटना ६ तासांत कळवणं सांगितलं आहे, आणि ते कंपन्यांनाही लागू आहेत. पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३०ला, आणि तो लगेच.

पायरी ८ : बॅकअप, आणि मग परीक्षा

टॅली आणि ड्रॉइंगच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गाळ्याबाहेर. त्यातली एक तरी अशी की रोज नेटवर्कला जोडलेली नाही. मर्स्कच्या बाबतीत सगळ्या वापरकर्त्यांची यादी ठेवणारा एकच सर्व्हर जगभरात शाबूत सापडला, तो घानात, आणि वाचला तो तिथली वीज गेली होती म्हणून. महिन्यातून एकदा एक फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून बघा.

राउटर, स्विच आणि सर्व्हर यूपीएसवर. राउटर-स्विचच्या सेटिंगचीही प्रत काढून ठेवा. पासवर्ड एका बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी अडणार नाही.

आता तुमचा फोन पाहुण्यांच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये रेकॉर्डरचा पत्ता टाका. मग सर्व्हरचा. मग राउटरचा. सीएनसीच्या कंप्युटरवरून एखादी वेबसाइट उघडायचा प्रयत्न करा. कॅमेऱ्याची केबल काढून तिथे लॅपटॉप लावा आणि टॅलीपर्यंत पोचता येतं का बघा. कागदावरची एकेक फुली अशी हाताने तपासा आणि समोर टिक करा. काही उघडलं, तर पाचव्या पायरीचे नियम पुन्हा वरून खाली वाचा.